टिचबटनांचा मुकुट

— न्हाई न्हाई, तसा नका ओढू, सेक्रेटरीसाहेब! ओढून निघत न्हाई तो. आंगठा खालून घाला — खालून — हां, आता वर ढकला. टिच्. आला ना हातात? टिचबटन हाय ते, बाईमानसाच्या झंपराला लावतेत तसलं, दुसरं काई न्हाई. बसा की खाटंवर, नाटकमंडळाचे सेक्रेटरी तुमी, उभ्यानं काय बगायलाव. तुमची जिंतूरची गाडी चारची, आन चारची गाडी पाचच्या आधी आली कव्हा आजवर? चहा ठेवलाय म्या. तर हा निघाला रामाचा मुकुट. आता हा घ्या, रावनाचा, दहा तोंडाचा — भिऊ नका, दिसायला मोठा हाय, पुठ्ठाच हाय — बसवा त्याच पट्टीवर. टिच्, टिच्. आता कमरंचं बटन दाबा. बगितलं? मघाशी उजेड पिवळा पडला व्हता, आता लाल. दिवे तेच. बॅटरीचे सहा बल्ब, त्या पट्टीत शिवलेले. रंग दिव्यात न्हाई, वरच्या मुकुटात हाय, भोकं पाडून आतून जिलेटीनचा कागद डकवलाय. असे मुकुट पाच हायत, राम, रावन, मारुती, सीता, लक्षुमन, आन दिव्याची पट्टी एक. एकाचा उतरवायचा, दुसऱ्याचा चढवायचा. — काय? हां, टोपीबी निघती. ही खालची, डोक्याला लागनारी. चार बटनं हायत बगा हिला, दोन धरायला, दोन करंट न्यायला. वायर टोपीत शिवलीय, पाठीवरून खाली कमरंच्या सेलात गेलीय, आन वर पट्टीत करंट जातोय तो ह्या पितळी बटनातून. बटनच धरतंय, बटनच दिवा लावतंय. परभनीचा एक रेडिओवाला आला व्हता, तो म्हनला, बाई, तुमी कुठं शिकलाव? कुठं शिकनार! आमच्या मालकाचं सायकलीचं दुकान व्हतं ह्याच खोलीत. डायनामो, लाईट, सगळं खोलून ठेवायचे माझ्यापुढं, आन मी हातातलं शिवन सोडून बगत बसायची. ते गेले, माझी शिलाईची मशीन हितं आली. — टोपी कामून निघती? धुवायला. घाम येतो मानसाला, म्हनून. दुसरं काय असनार.

आता तुमी विचारलं म्हनून सांगते, न्हाई तर मला ह्या मुकुटाचं कौतुक ऐकायचा कटाळा आलाय. खरंच कटाळा आलाय. जो येतो तो म्हनतो, काय हिकमत! काय डोकं! चौऱ्याऐंशीचं साल व्हतं. नामांतराची ती सालं, तुमाला काय सांगायचं, तुमीबी हितलेच. परभनीला कव्हा मोर्चा, कव्हा बंद, एसटी निघंल का न्हाई ते सकाळी कळायचं. गावात जाळपोळ झाली न्हाई आमच्या, देवाची किरपा, पर अठ्ठ्याहत्तरपासून ओढ्याच्या अल्याडचं मानूस पल्याडच्या मानसाशी तोंड भरून बोलत नव्हतं. आमचे विष्णुपंत गुरुजी, शाळंतले, एकटा जीव, त्यांच्या डोक्यात आलं की हनुमान जयंतीच्या यात्रंत नाटक करायचं. सगळ्या गावाचं. एका मांडवाखाली सगळ्यांनी बसायचं. म्हनले, भाषनानं लोक उठून जातेत बायनाबाई, नाटकाला बसतेत. आन रावन कोन, तर मुंजाजी. ओढ्यापल्याडचा, मांगवाड्यातला, सनई वाजवायचं घर. त्याचा आवाज तुमी ऐकला न्हाई. लग्नात वेशीपाशी उभा राहून बोलला तर मांडवात कळायचं. राम म्हंजी किशनराव, पाटलाच्या भावकीतले, देखना मानूस, पाठांतर कच्चं पर देखना. गावात कुरबूर झाली थोडी, मग लोक म्हनले, रावन तर हाय, रावन चालंल. राम म्हनला असता गुरुजींनी तर नाटक तिथंच खलास व्हतं. ते जाऊ द्या.

तर यात्रंत लाईट जाती. दरसाल जाती, दिवेलागनीला नेमकी, सोंगं तोंड रंगवून उभी आन लोकाला दिसत काई न्हाई. गुरुजी म्हनले, बाई, मुकुटच उजेड देतील असं काई करता यील? म्या म्हनलं, यील. फट्‌दिशी म्हनलं. आन दोन म्हयने बेजार झाले. पहिला मुकुट असा झाला की सेल वरच — मुंजाजीनं घातला आन मान अशी वाकडी! म्हनला, माय, रावन मरायच्या आधीच मानंनं मरंल. मग सेल खाली कमरंला नेले. मग वायरीला वायर चिकटली आन तालमीत पुठ्ठ्यातून धूर निघाला. रावनाच्या डोस्क्यातून धूर, आन लोक टाळ्या वाजवायलेत, त्यांना वाटलं मुद्दाम केलंय! मी पान्याची कळशी घेऊन पळाले. मग मालकाच्या डब्यात वॉल्वची रबरी नळी सापडली, ती वायरीवर चढवली. तव्हा कुठं जमलं. तवर बल्ब उडून उडून सहाच राहिले. पाच मुकुट, सहा बल्ब. म्हनून ही पट्टी. टोपीलाच शिवली व्हती म्या पट्टी तव्हा — हां. शिवली व्हती. एकच टोपी, तिच्यावर पट्टी, तिच्याखाली वायर, कमरपट्टा, सगळं एक. एकाच्या डोक्यावरनं उचलायची, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, वरचा मुकुट बदलायचा. हलकी, मजबूत, नीटस. ती खरी माझी हिकमत व्हती. तिच्यात काईच खोट नव्हती.

साखर किती घेताव? — बरं.

निघत न्हाई ती टोपी, धुता यायची न्हाई, हे खरं. पर घाम टोपीला लागतोच की, त्याच्यात काय. म्या तुमाला मघाशी धुवायचं सांगितलं ते — ऐका आता. आलंच हाय तोंडात तर ऐका. यात्रंला चार दिवस राहिले व्हते, शाळंच्या मागं तालीम. पहिल्यांदाच सगळं सामान चढवून. मुंजाजी आत आला, घामानं थबथबला, हासायला व्हता, त्याचं काम झालंच व्हतं तसं चांगलं. म्या टोपी त्याच्या डोक्यावरनं उचलली, रावन उतरवला, राम चढवला, टिच् टिच्, आन किशनरावाकडं धरली. त्यांनी हात पुढं केला. टोपीच्या आत बोट लागलं. ओली. ऊन ऊन. आन त्यांचा हात तिथंच राहिला. वाईट बोलले असते तर गुरुजी भांडले असते, मी बोलले असते, मुंजाजी बोलला असता. त्यांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, म्हनले, मावशी, ही मला लहान व्हती. एवढंच. लहान व्हती! मी दोघांचंबी डोकं मापलं व्हतं, म्या सोता, ह्या टेपानं. साडेबावीस इंच. दोघांचंबी साडेबावीस. म्हनून तर एका टोपीत भागवलं व्हतं म्या! माझ्या तोंडाशी आलं व्हतं, किशनराव, तुमचं डोकं साडेबावीस हाय. आलं व्हतं बगा तोंडाशी. मुंजाजी तिथंच उभा, तोंडावर अर्धं हासू तसंच राहिलेलं. मी गुरुजींकडं बगितलं. गुरुजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. मला बाजूला घेऊन म्हनले, बायनाबाई, तूर्त करा. प्रयोग तर होऊ द्या. आधी गाव एकत्र बसू दे, मग टोपीचं बघता येईल.

तूर्त करा. मग म्या केलं. सगळी शिवन उसवली, पट्टी टोपीपासून सोडवली, दुसरी टोपी कापली, तिला तिची वायर, तिचा कमरपट्टा. आन मग पंचाईत झाली, की टोपीतला करंट पट्टीत न्यायचा कसा? दर येळंला कोन वायर जोडत बसनार? तव्हा मला हे बटनाचं सुचलं. पितळ हाय, करंट नेतंय! एकटीच व्हते, बटन दाबलं, सहाच्या सहा दिवे लागले, आन मला काय आनंद झाला म्हनता, हितं उभी राहून टाळी वाजवली म्या. लाज वाटती सांगायला. माझ्या सगळ्या जिंदगीतली सगळ्यात मोठी हिकमत, आन ती कशापाई सुचली? तर दोन साडेबावीस इंचाची डोकी एकमेकाला लागू न्हाईत म्हनून. सकाळी मुंजाजी आला. दोन टोप्या बगितल्या त्यानं, एकीला तांबडं अस्तर, एकीला पांढरं. वळखू यायला. एकेक हातात घिऊन फिरवली. तर मीच बोलले. मला कोनी सांगितलं व्हतं बोलायला? म्या म्हनलं, कापड आटलं रे मुंजा, एकच टोपी दोघाला बसंना. तो म्हनला, बरं माय.

नाटक? नाटक झालं की! तुमच्या गावापर्यंत गेलं त्या नाटकाचं नाव, म्हनून तर तुमी आलाव. गुरुजी म्हनले तसं झालं, ओढ्याअल्याडचे, पल्याडचे, सगळे मांडवात, बायका येगळ्या, पर मांडव एक. लाईट गेली. बोंब उठली पोराटोरांची. आन पडद्यामागनं तांबडा उजेड आला, आधी जिमिनीवर, मग वर वर, आन मुंजाजी पुढं आला. लेकराला पाजायला घेतलेली बाई तशीच आ करून बगत राहिली. आन आवाज! मी आत बसले व्हते पट्टी घिऊन. रावन आत आला की त्याच्या टोपीवरची काढायची, रामाच्या टोपीवर लावायची, राम आला की उलटं. चौदा येळंला केलं म्या. एकदाबी दिवा चुकला न्हाई. चौदा येळंला मुंजाजी माझ्यापुढं वाकला आन एकदाबी त्यानं माझ्याकडं बगितलं न्हाई. शेवटच्या लढाईला दोघंबी पुढं पायजेत, तव्हा ठरलं व्हतं की रावनाला दिव्याचा मुकुट आन रामाला साधा. मी पट्टी घिऊन उठले, तर ह्यानं कमरपट्टा सोडला, डोक्यावरची टोपी काढली. घडी केली तिची, दस्तीची, हातरुमालाची करतेत तशी. माझ्या पदरात ठेवली. म्हनला, दिवा तिकडंच ऱ्हाऊ द्या. आन उघड्या डोक्यानं गेला.

मग काय करता, दिवा किशनरावाला लावला. पिवळा. आन तो पिवळा उजेड समोर मुंजाजीच्या तोंडावर, त्याच्या उघड्या डोक्यावर. लोकाला रामाचं तोंड दिसंना — दिवा ज्याच्या डोक्यावर असतो त्याचं तोंड अंधारात जातं, हे मला तव्हा कळलं, आधी कुठं कळलं व्हतं — लोकाला दिसायला व्हता एकटा रावन. आन तो असा बोलला, असा बोलला, की गुरुजींनी लिहून दिलेलं व्हतं का त्याच्या मनचं, मला अजून ठावं न्हाई. बान लागला, पडला. टाळी न्हाई. मग ओढ्यापल्याडची एक म्हातारी हुंदका देऊन रडली आन मग सगळा मांडव उठला. किशनराव आत आले, घाम पुसत, आन मला म्हनले — अगदी खऱ्या मनानं बरं का, त्यांना ठावंच नव्हतं — मावशी, मुंजानं मुकुट का काढला? बटन तुटलं का? म्या म्हनलं, हाव. बटन तुटलं.

बगा तुमी. दोनदा. कापड आटलं म्हनले, बटन तुटलं म्हनले. माझ्या हातचं कापड! कोरं कापड भिजवून, वाळवून, परत भिजवल्याबगर म्या कात्री लावत न्हाई. आन बटन — ओढून बगितलं ना तुमी? गावात भांडन नको म्हनून मी माझ्याच कामाला खोटं पाडलं. दुसऱ्या कोनाचं नाव घेतलं न्हाई, माझ्याच हाताचं घेतलं. मुंजाजी त्याच म्हयन्यात गाव सोडून गेला, नांदेडकडं एका बँडात सनई धरली म्हनून कळलं. नाटक परत झालं न्हाई. 'मग टोपीचं बघता येईल' म्हनलेले गुरुजी बदली होऊन गेले. राहिली टोपी. ती ऱ्हायली आन तिचंच नाव झालं. पहिल्या गावाचे लोक मुकुट न्यायला आले, म्हनले, बाई, त्या मुकुटात म्हनं ज्याची त्याची टोपी येगळी असती? मला वाटलं, सोच्छतेचं बोलायलेत. दिली. दुसरं गाव आलं, त्यांनीबी तेच. दिव्याचं कौतुक आधी, मग चहा, मग उठताना हळूच — एक टोपी जास्तीची ठेवा, येगळ्या कापडाची. सात गावं झाली, साहेब. सातबी गावांनी मागितली. आन म्या दिली. तोंड वर करून इचारलं न्हाई कव्हा, की ही एक कोनासाठी. ठावं असलं की इचारायची गरज पडत न्हाई.

मागल्या पंधरवड्यात देवगाव फाट्यावर उभी व्हते, सेलूहून येत व्हते, गाडी न्हाई. तिथं बँडाची मानसं बसलेली, सामान घिऊन. मुंजाजी. केस पिकलेत त्याचे. त्यानंच वळखलं, उठून आला, माय म्हनला, बसायला आपली पेटी दिली. लेकरंबाळं इचारली. म्या म्हनलं, मुंजा, तुला ठावं व्हतं ना? तो हासला. म्हनला, माय, कापड आटलं म्हनलाव तुमी. मी बरं म्हनलो. पर तुमच्या हातचं कापड आटत न्हाई, हे सगळ्या गावाला ठावं हाय. दुसरं काई सांगितलं असतं तर मी मानलं असतं. एवढंच बोलला. रागानं न्हाई. मग म्हनला, दिवे मात्र लय चांगले लागले व्हते. त्याची गाडी आधी आली. मी तिथं पेटीच्या जागेवर उभी ऱ्हायले, आन माझ्या दोन गाड्या गेल्या तरी मला कळलं न्हाई. — चहा निवला का? निवू द्या.

तर तुमचं. तुमी आल्या आल्या काय म्हनलाव? मुकुट तीन पायजेत, टोप्या दोन, त्यातली एक येगळ्या अस्तराची, कारन तुमचा मारुती 'तिकडचा' हाय. असंच म्हनलाव ना? तव्हा मी चहाला आधन ठेवायला उठले. तिकडचा म्हंजी कुठला? नाव काय त्याचं? नाव सांगा की. — मांडवाचं न्हाई इचारत मी, मंडळाचं न्हाई इचारत, त्या मानसाचं नाव इचारायले. ठावं न्हाई? तुमच्या नाटकात मारुती हाय, म्हयनाभर तालमीला येतोय, आन सेक्रेटरीला नाव ठावं न्हाई! डोकं किती इंची हाय त्याचं, ते तरी? तुमच्या रामाचं?

ऐका. मुकुट घिऊन जा, मला काई नको त्याचं. पाचबी न्या. पर टोपी एक मिळंल. कालच ठरवलंय म्या, आज राती बसून पट्टी परत टोपीला शिवनार, मघाशी तुमाला दाखवली ती बटनाची जोडनी, तेवढी शेवटची. उद्या या. तुमच्या मारुतीला आना आन रामाला आना, दोघांलाबी. हितं, ह्या मशीनपुढं बसवा. मी माप घेते. मारुतीनं घालायची, घामानं भिजूस्तवर घालायची, मग तीच रामानं घालायची, माझ्या डोळ्यादेखत. बसली तर न्या. — न्हाई, मंडळाला इचारून न्हाई. मंडळाचं डोकं मापायला टेप न्हाई माझ्याकडं. — लोक काय म्हनतील ते म्हनतील, मला लोकांनी पाच वर्सं लय चांगलं म्हनलंय, त्यानंच तर जीव बेजार झाला. — पैशाचं काढू नका, पैशाचं बोललेच नव्हते मी. — आता हे काय नवीन? टोपी लहान होईल? सेक्रेटरीसाहेब, हे वाक्य ह्या घरात बोलू नका. दुसरं काईबी बोला.

ठेवा तो रावन खाली. हळू. दहावं तोंड दबायलंय तुमच्या कोपरानं. — उठलाव? बरं. जावा. फाट्यापर्यंत ऊन हाय, डोक्याला काई तरी बांधा, आन जाताना दरवाजा पुढं ओढून घ्या. मला काम हाय.